मॅलकीची जागा पक्की

८ मे, बुधवार

पोस्टरं लावायला आजपासून परवानगी! सकाळी सहाला मॅलकी शिडी घेऊन बाहेर. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एक गुडघा बदललेला, आणि विजेच्या खांबावर चढून स्वतःचंच तोंड बांधतोय. खाली शिडी धरायला मी. दर निवडणुकीला मीच धरते.

"सरळ आहे का गं, फिलो?"

"पोस्टर सरळ आहे. नाक वाकडं आहे, ते जन्मापासून."

फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. नवा काढ म्हटलं तर म्हणतो, लोकांना हाच चेहरा ओळखीचा आहे, नवा बघून घाबरतील.

काउंटी कौन्सिलवर पंचवीस वर्षं. पाच निवडणुका लढला, पाचही जिंकला, कुठल्या पक्षाचा टेकू न घेता. माझा भाऊ म्हणून म्हणत नाही — खरं तर म्हणूनच म्हणते, इथे कोण वाचतंय! — पण असा माणूस या काउंटीत दुसरा नाही. कुठल्या वळणावर कुठला खड्डा, कुणाच्या आईला इस्पितळात खाट मिळत नाहीये, कुणाच्या पेन्शनचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, सगळं डोक्यात. वही नाही, यादी नाही. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, एकाच घरात म्हातारे झालो, त्यामुळे फोन मीच उचलते. लोक मला 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत. "मॅलकी आहे का?" एवढंच.

ड्रमोर्लाच्या चौकात पोचलो तर एका बाईची पोस्टरं कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली. बोझेना विल्क. मूळची पोलंडची, पण अठरा वर्षं इथेच. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. बाई स्वतःही कमरेएवढीच म्हणायला हरकत नाही. एक पोस्टर कुत्र्याने आधीच वापरलं होतं.

"शिडी नाही का गं तुझ्याकडे?" मॅलकीने विचारलं.

"नाही, सर. खुर्ची आणली होती. मोडली."

याने शिडी देऊन टाकली. आमची! आपली बारा पोस्टरं अजून गाडीत पडलेली असताना!  म्हणतो कसा, "लोकांनी तिचा चेहरा बघायला गुडघे टेकायचे का?"

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही.

१२ मे, रविवार

घात झाला.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाशी टर्लो बोहन भेटला. गावातल्या सगळ्या अंत्ययात्रांची व्यवस्था हाच बघतो, आणि मोठ्या पक्षाचं मतमोजणीचं कामही. पंचवीस वर्षं मोजणीच्या वेळी माझ्या शेजारी उभा असतो. पाच-सहा जणांचा घोळका होता. मी नुसतं विचारलं, काय वारं आहे? तर सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅलकीची कसली काळजी, फिलो! मॅलकी पक्का आहे."

आणि घोळक्याने माना डोलावल्या. पक्का आहे, पक्का आहे.

यापेक्षा त्याने मॅलकीला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं! चोर म्हटलं की निदान आपली माणसं चिडून बाहेर पडतात. आमच्याकडे उमेदवार 'पक्का' म्हटला की संपला. कारण आमचे लोक फार दयाळू. मतपत्रिकेवर सगळ्यांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे असतात ना — मग म्हणतात, मॅलकी काय, पक्काच आहे. माझा एक त्या बिचाऱ्या दुसऱ्याला देते, मॅलकीला दोन. आणि ज्याला एक दिला तो शर्यतीत आहे तोवर दोनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. दोन म्हणजे लग्नात आहेराऐवजी दिलेल्या शुभेच्छा.

टर्लोला बाजूला घेऊन म्हटलं, "मेल्या, मुद्दाम केलंस."

"शप्पथ नाही गं! कौतुक केलं मी!"

तोंड बघून वाटलं, खरंच कौतुक केलं असावं. म्हणून तर जास्त भीती वाटतेय.

१३ मे, सोमवार

'पक्का' आज चार वेळा ऐकलं. पोस्टात, औषधांच्या दुकानात, आणि दोनदा दातांच्या डॉक्टरकडे.

१९ मे, रविवार

दारोदार. किलवार्नाचा वरचा रस्ता, छत्तीस घरं. सहा जागा, तेरा उमेदवार, त्यामुळे प्रत्येक घरात तेराही जणांचा चहा झालेला. प्रत्येक दारात तेच: "तुलाच, मॅलकी. नंबर एक तुलाच." आमचे लोक दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. तेराही जणांना हेच सांगतात, आणि सांगताना अगदी मनापासून सांगतात. मी ऐकते आणि मनातल्या मनात निम्मं करते.

पण मॅलकीला दारात उभा असलेला बघणं म्हणजे! मत मागतच नाही. कुत्र्याला नावाने हाक मारतो. छपराकडे बघून म्हणतो, पन्हळ गळतेय वाटतं. मग बाईचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून कधी येणार ते विचारतो आणि निघतो. एकदा विचारलं, मत कधी मागणार? तर म्हणाला, "मी का आलोय ते तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे ते तिला ठाऊक आहे. मग बोलून कशाला दोघांनी लाजायचं?"

शेवटच्या घरी मिसेस ग्रीहन. मोठ्या प्रेमाने म्हणाली, "तुला दोन देणार आहे हो मॅलकी, तू तर पक्काच आहेस!"

तोंडावर! आणि याने टोपी काढून आभार मानले.

गाडीत मी तोंड सोडलं. "तू सांगत का नाहीस की जागा धोक्यात आहे?"

"पण धोक्यात आहे कुठे? खोटं कसं बोलू?"

"ते खोटं नसतं, राजकारण असतं!"

"फिलो, मी पंचवीस वर्षं लोकांची कामं केली. आता शेवटी त्यांच्यापुढे रडू?"



२५ मे, शनिवार

बोझेना शिडी परत द्यायला आली. बरोबर खसखशीचा केक — गुंडाळी करून केलेला, कापला की आत काळी चक्री. मी ठरवलं होतं चहा विचारायचा नाही. तो केक बघून किटली आपोआप हातात आली.

मॅलकीने तिला तासभर शिकवणी दिली! मी भांडी घासत ऐकत होते. अंत्यविधीला जायचं, पण पुढच्या बाकांवर बसायचं नाही. हात दोन्ही हातांनी धरायचा नाही, पुढारी वाटतं. माणूस बोलत असताना त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं नाही. नंतर नकाशा पसरून कुठल्या घरी कुत्रा चावतो ते पेन्सिलने खुणा करून दिलं. पंचवीस वर्षांची अक्कल, केकच्या दोन तुकड्यांवर!

मग तिने स्वतःचं सांगितलं. इस्पितळाची बस. तिने गेल्या वर्षभर वृद्धाश्रमातल्या आणि आसपासच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून मांडलंय: चौसष्ट जणांच्या तपासण्या हुकल्या, का, तर सकाळची बस ड्रमोर्लाहून सुटते तेव्हा किलवार्नाची बस अजून पोचलेलीच नसते. वीस मिनिटांचा घोळ. चौसष्ट जणांची नावं तिला पाठ. कोण चहात किती साखर घेतं तेही.

मॅलकीने पेन्सिल खाली ठेवली. "वीस मिनिटं," म्हणाला. "माझ्या कसं लक्षात नाही आलं?"

"तुमच्याकडे गाडी आहे ना, सर."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला झोंबलं असतं. तिने असं म्हटलं की जणू बाहेर ऊन आहे म्हणून सांगतेय.

निघताना दारात मला हळूच विचारते, "मिस ड्युइग्नन, पहिल्या मोजणीत मला शंभर तरी पडतील का हो? पंधरा-वीसच पडले तर वृद्धाश्रमात तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, पडतील. तिचा विश्वास बसला नाही, माझाही नव्हता. बाई मला आवडली, हे लिहून ठेवते. नाइलाजाने.

३ जून, सोमवार

पराभव. मी मॅलकीला न सांगता पाचशे चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. 'मॅलकी ड्युइग्ननची जागा धोक्यात! दोन नको — एकच द्या!' लाल अक्षरात. भाजीच्या टोपलीत लपवल्या. त्याला बटाटे हवे होते!

 एक वाचली, शेगडीचं झाकण उघडलं, आणि एकेक गठ्ठा आत. मग म्हणाला, "छपाई छान आहे."

आणि आज रेडिओवरही तेच! आमच्या विभागातल्या सहा जागांचा अंदाज सांगत होते, पहिलंच नाव मॅलकीचं. 'अर्थात पक्का.' मी रेडिओ बंद केला. मग पुन्हा लावला, आणखी कुणाकुणाचं नाव घेतायत ते आपल्याला कळलं तरी पाहिजे.

७ जून, शुक्रवार

मतदान. सकाळी मॅलकी आणि मी किलवार्नाच्या शाळेत जाऊन मत देऊन आलो. मग दिवसभर गाडी. ज्यांना चालवत नाही त्यांना घेऊन जाणं, घेऊन येणं. अकरा खेपा.

डिनी गॅफ्नीला नेलं. ब्याऐंशी वर्षांचा, मॅलकीचा कट्टर. आज दोन मतपत्रिका होत्या, एक युरोपच्या निवडणुकीची, एक आमच्या कौन्सिलची. डिनी छाती काढून बाहेर आला. "युरोपच्या कागदावर एक ते पाच दिले, फिलो. मग कौन्सिलच्या कागदावर सहापासून पुढे. मॅलकीला सहा! एका रांगेत, कुठे गडबड नाही!"

मी डोक्याला हात लावला. "अरे डिनी, दुसऱ्या कागदावर पुन्हा एकपासून सुरू करायचं असतं!"

"का? मी काय मधे मोजायचं विसरलो होतो?"

 गाडीत बसवलं आणि घरी सोडलं.

८ जून, शनिवार

मला वर्षातला कुठलाही सण द्या, मी हा एक दिवस मागून घेईन. पाच वर्षांतून एकदा येतो.

क्रीडा संकुलाचा हॉल. बास्केटबॉलच्या जाळ्या वर गुंडाळलेल्या. लांब टेबलं, पलीकडे मोजणारे, मध्ये कंबरभर उंच जाळी, अलीकडे आम्ही. एकेका शाळेची पेटी फुटते, कर्मचारी पत्रिका उलगडून चेहरा वर करून ठेवतात, आणि त्या सेकंदात आम्ही जाळीवरून वाकून नंबर एक कुठे आहे ते पकडतो आणि कागदावर रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. अधिकृत आकडे यायला रात्र होते. आमचे दुपारी बाराला तयार असतात, आणि वीस-पंचवीस मतांपलीकडे चुकत नाहीत. शाळामास्तर, गवंडी, नर्स, सगळ्या पक्षांचे. आदल्या दिवशीपर्यंत एकमेकांचे गळे धरणारे. आज तू ही पेटी धर, मी ती धरते, आणि शेवटी सगळे आकडे सगळ्यांचे. कुणी खोटी रेघ मारली असं पंचवीस वर्षांत मी पाहिलं नाही. पेन्सिलीवर चालणारा हा प्रामाणिकपणा बघितला की मला आमच्या लोकांचा इतका अभिमान वाटतो की बोलायची सोय नाही.

आणि टर्लो! पेटीतून सलग आठ पत्रिका बघून म्हणाला, "हे मॅकशेरांचं घर. आठातला एक वेगळा, तो धाकट्या सुनेचा, ती ऐकत नाही कुणाचं." अख्ख्या परगण्याला त्याने आईबापांच्या अंत्यविधीत जवळून पाहिलंय, त्यामुळे कुणाचं कुणाशी पटतं हे त्याला फादरपेक्षा जास्त ठाऊक.

किलवार्ना शाळेची पेटी मी स्वतः धरली. आमची पेटी. गेल्या वेळी इथे मॅलकीला दोनशे साठ होती.

एकशे एकाहत्तर.

आणि मॅलकीपुढे दोन, दोन, दोन, दोन! माझ्या डोळ्यांसमोरून ओळीने जात होते. प्रत्येक दोन म्हणजे एक माणूस ज्याला मॅलकी आवडतो. मोजायला रकानाच नाही.

बोझेनाला आमच्या पेटीत अठ्ठावन्न. एकूण सहाशे अकरा. तिला सांगितलं तर हॉलच्या भिंतीला टेकून खाली बसली. "सहाशे? कोण ही माणसं?" मॅलकी एकूण हजार सहा. नेहमी चौदाशे असतो. जिंकायचा कोटा पंधराशे बहात्तर.

टर्लो आकडे बघून माझ्याजवळ आला.  मग म्हणाला, "मी ते चर्चपाशी उगाच बोललो."

"हो," म्हटलं. सँडविच अर्धं त्याला दिलं.

९ जून, रविवार

फेऱ्या. ज्याला सगळ्यांत कमी तो बाद, त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या, पुन्हा मोजायचं. प्रत्येक फेरीला दीड-दोन तास. हॉलमधला चहा संपला, दूध संपलं, पुन्हा आलं.

प्रत्येक बाद झालेल्यातून मॅलकीला साठ-पासष्ट. बोझेनाला शंभर, सव्वाशे, दीडशे. कुणालाच तिचा राग नाही. सगळ्यांनी तिला तीन नाहीतर चार दिलाय, आणि ते थेंब आता साठतायत. टर्लोसुद्धा कौतुकाने मान हलवतोय: "पोरीने प्रत्येक दारात चपला बाहेर काढल्या असतील."

चार जागा भरल्या. मॅलकी अजून उभा. मी काही खाल्लं नाही.

१० जून, सोमवार

पाचवी जागा सकाळी गेली. सहावीला उरले दोघं. मॅलकी आणि बोझेना.

दुपारी तीनला शेवटची फेरी. निवडणूक अधिकारी बाईंनी दोघांना जवळ बोलावलं, म्हणजे फरक नखाएवढा आहे हे सगळ्यांना कळलं. कोटा दोघांनीही गाठला नव्हता, पण शेवटच्या जागेला जो पुढे तो जिंकतो; बोझेना चार मतांनी पुढे. तेराशे एक्याण्णव, तेराशे सत्त्याऐंशी.

मी म्हटलं, फेरमोजणी! मॅलकीच्या आधी मीच ओरडले.

पुन्हा सगळे गठ्ठे. प्रत्येक पत्रिका. तीन तास. बाद ठरवलेल्यांच्या गठ्ठ्यात एक सापडली. मॅलकीपुढे सहा, पुढे सात, आठ, नऊ. एक कुठेच नाही.  डिनी! त्याचं नाव अर्थातच घेतलं नाही, गुप्त ते गुप्त.

अधिकारी बाईंनी ती वर धरली. "दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकते."

बोझेनाच्या बाजूने बोलायला वकील होता, कुणीतरी फुकट मदतीला आलेला. तो तोंड उघडणार तेवढ्यात तिने त्याच्या बाहीला धरलं.

"हा माणूस मोजत होता," ती म्हणाली. "दुसऱ्या कागदावरून मोजत आला. इथे पोचेपर्यंत सहा झाले होते. त्याचा पहिला मिस्टर ड्युइग्ननच."

"तुमचं एक मत कमी होतंय असं नाही, पण त्यांचं वाढतंय," बाई म्हणाल्या. "तुमची हरकत नाही?"

"ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं म्हणणं आपल्याला कळलंय. मग कळलं नाही असं कसं म्हणू?"

म्हणजे तिलाही ठाऊक होतं! डिनीने अख्ख्या गावाला सांगितलं असणार. आणि तरी तिने म्हटलं, धरा. चार मतांवर जिचा जीव टांगलेला तिने! मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिचा गळाही धरावासा वाटला. दोन्ही एकदम.

बाईंनी पत्रिका ग्राह्य धरली. तेराशे अठ्ठ्याऐंशी. फरक तीन.

मी पुन्हा मोजा म्हणणार होते. कायद्याने मागता येतं. मॅलकीने माझ्या दंडाला धरलं. "पुरे, फिलो. मुलं दमलीत." समोर मोजणारे खरोखरच दमले होते. अख्ख्या हॉलमध्ये ते त्यालाच दिसावं!

मग तो जाळीला वळसा घालून गेला आणि तिचा हात धरला. दोन्ही हातांनी! पुढारी वाटू नये म्हणून स्वतःच शिकवलं होतं, ते विसरला. ती रडत होती, तो हसत होता. टर्लोने टाळ्या सुरू केल्या, आणि मग सगळ्यांनीच. तिच्यासाठी का त्याच्यासाठी, कुणाला विचारलं तर सांगता आलं नसतं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या हातात पेन्सिल होती.

११ जून, मंगळवार

घराला मयताच्या घराची कळा. दिवसभर लोक येतायत, केक घेऊन, हॅम घेऊन. मिसेस ग्रीहन आली आणि दारातच हुंदके द्यायला लागली. "मी तुला दोन दिला रे, मॅलकी! माझा एक त्या पोलिश पोरीला! मला वाटलं तू पक्का..."

दोघांनी-तिघांनी नाही, एकवीस जणांनी आज हेच सांगितलं. मॅलकी प्रत्येकाची समजूत काढतोय. "अगं, दोनसुद्धा मोठाच मान आहे." हरला तो, आणि चहा पाजून धीर देतोय तोच! मी स्वयंपाकघरात जाऊन कपाटाची दारं आपटून आले.

फोन मात्र सकाळपासून तसाच. एकाने विचारलं, मॅलकी आहे का? मी म्हटलं, आहे. आता तो कौन्सिलर नाही, पण आहे. पलीकडून म्हणाला, ते ठाऊक आहे, पण आमच्या गल्लीतला दिवा लागत नाहीये.

१४ जून, शुक्रवार

पोस्टरं काढायचा शेवटचा दिवस. मॅलकी, मी आणि बोझेना, एकाच गाडीत, एकाच शिडीवर. तिची ती काढते, याची तो. खांबावर चढायला तो आता तिलाच पाठवतो. खालून आम्ही दोघं मिळून तिला सांगतो — म्हणजे तो सांगतो आणि मी त्याला गप्प करते.

सोमवारी तिची पहिली बैठक. बसचा प्रश्न पहिला मांडणार. मॅलकीने तिला सांगितलं, कुणाला आधी फोन करायचा, कोण हो म्हणून विसरतो, कोण नाही म्हणून काम करतो. तिने वहीत लिहून घेतलं. ही बाई मोठी होणार. मला त्याचा आनंद होतोय, आणि त्याबद्दल माझा मलाच थोडा रागही येतोय.

मॅलकी गाडी चालवताना गात होता. मी पंचवीस वर्षांत त्याला शुक्रवारी दुपारी मोकळा बघितला नव्हता.

१६ जून, रविवार

न्याहारीला मॅलकी चहा ढवळत बसला.  मग म्हणाला, "फिलो, एक सांगायचंय. माझा एक मी बोझेनाला दिला."

मी किटली खाली ठेवली.

"पोरगी पहिल्याच फेरीत पडली असती तर वाईट वाटलं असतं तिला. मी काय, पक्का होतो." मग हळूच, "माझ्या एका मताने फरक पडला असता का गं?"

मला कागद लागत नाही. तिचं एक कमी, त्याचं एक जास्त. तेराशे नव्वद, तेराशे एकोणनव्वद.

"नाही," म्हटलं. "तरीही एकाने हरलाच असतास."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. टोस्ट खाल्ला, दुसरा मागितला.

खरं तेच सांगितलं. एका मताने काही झालं नसतं. दोन लागली असती. दुसरं माझं होतं.